मामांच्या पायावर न पडलेला दगड

माझे सासरे रंभाजी मामा खरं बोलायचे, ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांत जास्त ती त्यांना स्वतःला ठाऊक होती. बांधाचं भांडण असो की मोडलेली सोयरीक असो, दोन्हीकडची माणसं म्हणायची, रंभाजी तात्याला इचारा. मामा खाकरायचे, पटका सारखा करायचे आणि खरं ते सांगून मोकळे व्हायचे, मग कुणाचा संसार राहो की मोडो. मी त्यांची सून. कडूबाई आत्याच्या घरीच मला दिलेली, त्यामुळे परकरात होते तेव्हापासून मी त्यांना बघत आले. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. खरं बोलण्याचा त्यांना अभिमान होता असं लोक म्हणतात. अभिमान कसला, चांगला माज होता. त्या माजाचं पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. शेवगावच्या पूर्वेला आमच्या भागात विहिरींचे तळ उघडे पडले होते, बैल छावणीला गेले होते, आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. बागायतदाराची सून आणि तिच्याच शेतावरची मजूरबाई एका रांगेत मुरमाची टोपली उचलत होत्या. दुपारी कामावर सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी, पण त्या वर्षी आम्हाला ती बासुंदीसारखी लागे. पोती उतरली की वाटायची कुणी, हा प्रश्न आला. कामावरचा कारकून काकासाहेब नवखा पोरगा, त्यानं गावाला विचारलं, आणि गाव एका तोंडानं म्हणालं, रंभाजी तात्या. मामांनी पितळी वाटी हातात घेतली ती अशी, जसा काही गावचा शिक्काच हाती आला.

वाटणी मात्र चोख. सख्ख्या नातवाला एक दाणा जास्त नाही. आमच्या हातावर वाटी टेकवून ओतायचे, बौद्धवस्तीच्या माणसांच्या हातावर वरूनच सोडायचे. ते त्यांना वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटत नव्हतं.

स्वतः त्यांनी सुकडी तोंडात टाकली नाही. पाऊस पडेपर्यंत एकच वेळ जेवीन असा त्यांनी नवस बोलला होता. ती एक वेळही अर्धी भाकरी. त्यातून टँकरचं पाणी येई ते गुरांसारखी माणसं रेटून भरत. मामा म्हणायचे, लेकराबाळांना प्यायला राहू द्या, माझा घसा जुना हाय. दिवसभर उन्हात उभे राहून हा थोराड अंगाचा माणूस दोन तांबे पाण्यावर काढायचा. आत्या रागवायची. मी पण रागवायचे, मनात.

पुढं शेजारच्या वस्त्यांवरची माणसंही आमच्या कामावर आली आणि सुकडी पुरेना. रांगेच्या शेवटी हात रिकामा राहिला की माणूस पुढच्याला शिव्या घालत नाही, वाटणाऱ्याला घालतो. कुजबूज सुरू झाली. ज्याच्या हाती वाटी त्याच्या पोटात सुकडी, असं एक जण हसत हसत म्हणाला. मामांनी ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरीही परत केली.

आणि त्याच आठवड्यात त्यांचा आंगठा सुजला.

इथं भाऊसाहेब पाटलांची गोष्ट सांगायला हवी. पाटील त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी वारले होते. खाण्यापिण्यात कशाची कमी नाही, मटणाशिवाय घास उतरत नाही, असा माणूस. त्यांच्या उजव्या पायाचा आंगठा वर्षातून दोनदा टोमॅटोसारखा लाल व्हायचा, नुसतं धोतराचं टोक लागलं तरी किंचाळायचे. नगरच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की हा खाणाऱ्यापिणाऱ्यांचा रोग आहे. सगळं गाव हसलं. आणि पारावर बसून सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे मामा. "पाटलानं लोकांचं खाल्लं, ते आंगठ्यातून भाईर यायलंय," हे त्यांचंच वाक्य. ते गावानं इतकं घोळवलं की शेवटी पाटलांच्याही कानावर गेलं.

तर त्या दिवशी पहाटे मामा उठले आणि त्यांना पाय टेकवेना. आंगठ्याचं मूळ लाल, चकचकीत, तापलेलं. बघताक्षणी त्यांनी ओळखलं असणार. गावात पोटं खपाटीला गेलेली, सुकडीवरून कुजबूज चाललेली, आणि वाटणाऱ्याला पाटलाचा रोग! त्यांनी आंगठ्याला फडकं गुंडाळलं, आम्हाला काही न सांगता काठी टेकत कामावर गेले. भरावाच्या कडेला दगड रचत होते तिथं जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं माझ्या कानावर आरोळी आली, तात्याच्या पायावर धोंडा पडला.

मी धावत गेले. मामा खाली बसलेले, घामाघूम, पाय दोन्ही हातांनी धरलेला. दुखणं खरंच होतं, त्यात नाटक नव्हतं. काकासाहेब विचारत होता, "कुणाच्या हातून पडला?" मामा पायावरच वाकले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आत्ताच चांगुणा गेली हितून, टोपल्यात धोंडे हुते." काकासाहेबानं विचारलं, "तात्या, चांगुणाच्या टोपलीतून पडला का?"

मामांनी मान खाली घातली आणि "हूं" म्हणाले.

येवढंच. शब्दसुद्धा नाही, नुसता हुंकार. पण तो रंभाजी तात्याचा हुंकार होता. संध्याकाळपर्यंत तीन माणसं शपथेवर सांगायला लागली की आम्ही धोंडा पडताना पाहिला.

चांगुणा बौद्धवस्तीतली, माझ्याच वयाची, कामाला चपळ आणि तोंडानं गप्प. नवरा मुंबईला गेलेला, इथं ती आणि तिची सासू. तिच्याऐवजी एखाद्या पाटलाच्या सुनेचं नाव आलं असतं तर चौकशी झाली असती, चार माणसं भांडली असती. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही. बेपर्वाईनं काम करते म्हणून काकासाहेबानं तिला खडी फोडायच्या कामावर धाडलं, दूर सडकेवर. पहाटे अंधारात निघायचं आणि दिवे लागल्यावर परतायचं. तिथं सुकडीही येत नव्हती.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. हातात पानावर आंबेहळदीचा लेप. मामा ओसरीवर पाय उशीवर ठेवून पडले होते.

"तात्या, मला ठावंच न्हाई कवा पडला त्यो," ती म्हणाली. "माझंच ध्यान नसंल. रागावू नगा. ह्यो लेप लावा, सूज उतरंल."

तिनं खरोखरच मानलं होतं. सगळं गाव सांगतंय आणि तात्या सांगतोय म्हणजे पडलाच असणार, आपल्यालाच कळलं नाही! मामांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, राग अजून गेला नाही. मी तिच्याकडून लेप घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे, म्हातारं माणूस हाय." येवढ्या मोठ्या मनानं म्हणाले की आज ते आठवलं तरी माझे मलाच कान गरम होतात.

सूज आठवड्यात उतरली. लोक म्हणाले, चांगुणाच्या लेपाला गुण आहे. मामा वाटी घेऊन पुन्हा उभे राहू लागले, पण पूर्वीसारखे खाकरायचे नाहीत. कुणी भांडण घेऊन आलं तर म्हणायचे, दुसऱ्याला इचारा.

महिना झाला नसेल, तोच दुसरा आंगठा धरला. डावा. या वेळी घरातच. दगड नव्हता, टोपली नव्हती, कुणी नव्हतं. मामांनी रात्र कण्हत काढली आणि सकाळी मला म्हणाले, "भागे, दाराला कडी लाव." माझे मालक संगमनेरकडे कारखान्यावर होते. आत्याला एस.टी. लागते. शेवटी मीच मामांना घेऊन नगरला गेले.

डॉक्टर म्हातारे आणि शांत होते. त्यांनी आंगठा पाहिला, कानाच्या पाळ्या चाचपल्या, रक्त काढून घेतलं, दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला. पारा वर गेला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुपारी रक्ताचा निकाल आला. "युरिक ॲसिड बरंच वाढलंय," ते म्हणाले. "रक्तातलं हे आम्ल सांध्यात जाऊन खड्यासारखं बसतं. याआधी झालं होतं?"

मी म्हणाले, "याच्याआधी उजव्या पायाला धोंडा लागला हुता."

डॉक्टरांनी उजवा आंगठा उलटसुलट करून पाहिला. "इथं काही लागल्याची खूण नाही. हाडही नीट आहे. काय हो बाबा, दगड लागला होता का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाले, "न्हाई."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चांगुणाचा तो पानावरचा लेप मला दिसायला लागला. डॉक्टर काही विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. मामा मात्र विचारत होते, पडेल आवाजात, "डाक्टर, म्या काय खाल्लं न्हाई वो. यक येळ जेवतो. मंग मला हा खाणाऱ्याचा रोग कसा?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "खाण्यानं होतो हे अर्धंच खरं. काही शरीरांत मुळातच हे जास्त साठतं. आणि कडक उपास केला, पाणी कमी प्यायलं, तरी ते वाढतं. तुम्ही उपाशी राहूनच हे ओढवून घेतलंत." मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "पण मला आंगठ्याची काळजी नाही. आंगठ्यानं कुणी मरत नाही. तुमचा रक्तदाब फार आहे. हे आम्ल ज्यांचं चढतं त्यांच्यात पुष्कळदा रक्तदाबही चढलेला सापडतो, आणि रक्ताच्या नळ्या खराब होतात, हृदयाच्या आणि डोक्याच्याही. यातलं कशानं काय होतं यावर आम्हा डॉक्टरांचं अजून एकमत नाही, पण दोन्ही जोडीनं हिंडतात एवढं आम्ही बघतो. नवस सोडा. भरपूर पाणी प्या. या पांढऱ्या गोळ्या पायासाठी, या पिवळ्या रक्तदाबासाठी. पिवळ्या चुकवू नका."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो. सुनेनं सासऱ्याला जाब विचारायची आमच्यात रीत नाही. पाथर्डीचा फाटा मागं पडला तेव्हा मी पदर कपाळावर ओढला आणि विचारलंच, "मामा, मंग चांगुणाचं काय?"

"सांगतो," ते म्हणाले.

"कवा?"

"सांगतो म्हनलं ना. आईतवार होऊ दे."

आईतवार झाला. मग म्हणाले, अमावस्या होऊ दे. मग म्हणाले, पाऊस पडू दे, लोकांची पोटं भरली की हसतील न् सोडून देतील; आत्ता सांगितलं तर म्हणतील, सुकडी यानंच खाल्ली. यात खोटं काहीच नव्हतं, लोक तेच म्हणाले असते. पण रोज पहाटे चांगुणा आमच्या दारावरून सडकेकडे जायची आणि मामा त्या वेळी ओसरीवरून उठून आत यायचे. पांढऱ्या गोळ्या त्यांनी घेतल्या, पायाचं दुखणं थांबलं. पिवळ्या तशाच राहिल्या. डोकं दुखत न्हाई, मंग कशाला, म्हणाले. नवसही सोडला नाही. आत्ता कुठं जेवायला लागलो तर लोक बघतील, म्हणाले. मी एकदा आत्याला सगळं सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "त्यांचं त्यांनाच सांगू दे, भागे. तू सांगितलंस तर ते मेल्याहून मेल्यासारके व्हतील." म्हणून मीही मूग गिळून बसले, सासूचा शब्द म्हणून.

ज्येष्ठात एका सकाळी मामा चूळ भरत होते. हातातला तांब्या पडला. मी वळून पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात गोणपाटासारखा लोंबतोय. अंगावरून वारं गेलं होतं. त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते एवढंच म्हणाले, "पिवळ्या घेतल्या होत्या का?" आणि माझं तोंड बघून चिठ्ठी लिहायला लागले.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "न्हाई". पाणी देऊ का, न्हाई. पाणी नको का, न्हाई. मालक घरी आले, बापाला मिठी मारून रडले, तर त्यांनाही न्हाई. सगळं समजत होतं त्यांना, डोळ्यांत दिसायचं. जिभेवर मात्र दुसरं काही येत नव्हतं.

गावानं आपलं आपण ठरवलं, की पायाला धोंडा लागला त्या जखमेचं इख वर चढलं. आणि मग एका सकाळी खडीच्या कामावर खाडा करून चांगुणा आली. या वेळी ती कडेला उभी राहिली नाही. सरळ बाजेपाशी आली, खाली बसली आणि मामांच्या उजव्या पायावर हात ठेवून रडायला लागली. "माझ्या धोंड्यानं झालं वो तात्या. तुमाला माझ्यामुळं असं..."

"न्हाई," मामा म्हणाले. "न्हाई, न्हाई." डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि न्हाई न्हाई.

"यांचं मन मोठं हाय," चांगुणा मला म्हणाली.

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. आत्या समोर होती, मालक समोर होते. मी सगळं सांगितलं. दगड पडला नव्हता, पाटलाला होता तोच रोग होता, लाज वाटली म्हणून खोटं बोलले, तुझं नाव आलं तेव्हा त्यालाच हूं म्हणाले. चांगुणानं हळूच पायावरचा हात काढला. मग तिनं मामांकडे पाहिलं. मामांनी या वेळी तोंड भिंतीकडे केलं नाही.

"मला घरात सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "म्या धोंडे पाडती असं कामावर बोलल्यात. माझ्या सासूनं बी बोलून घेतलं मला. तितंच सांगा, समद्यांम्होरं."

मालक म्हणाले, ते कसं शक्य आहे, बघतेस ना बापाची अवस्था. पण मामांनी डाव्या हातानं बाजेची पाटी धरली आणि डावा पाय खाली सोडला. तलावाच्या दिशेनं बोट करून न्हाई न्हाई म्हणत राहिले. शेवटी चौघांनी बाज उचलली.

सुकडीची वेळ होती. बाज खाली ठेवली तशी रांग मोडून माणसं भोवती जमली. काकासाहेब पुढं आला. चांगुणानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तात्या, माझ्या टोपल्यातून तुमच्या पायावर धोंडा पडला का?"

"न्हाई," मामा म्हणाले.

लोक एकमेकांकडे बघू लागले. काकासाहेब ओशाळं हसला. "अगं, ते सगळ्यालाच नाही म्हणतात. तात्या, तुमचं नाव रंभाजी ना?"

"न्हाई."

पोरीबाळी फिसकन हसल्या. मी पदर सावरला आणि पुढं होऊन डॉक्टरचं बोलणं सांगू लागले, पण माझा आवाज कुणाला पोचतोय? एक जण म्हणाला, "म्या माज्या डोळ्यानं धोंडा पडताना बगितला, डाक्टरला काय ठावं?" दुसरा म्हणाला, "सुनेनं सासऱ्याला पाटलाचा रोग लावावा, कलियुग हाय." आणि मागून कुणी बाई बोलली, "खरं आसंल तर मंग सुकडी कुटं जात हुती त्ये बी कळलं." ज्या वाक्याला भिऊन मामांनी येवढं केलं ते वाक्य तिथं भर उन्हात, सगळ्यांसमोर पडलं. मामांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी ऐकलं.

त्यांनी डावा हात जमिनीवर टेकला आणि अंग बाजेवरून खाली लोटलं. धप्पकन मुरमात पडले. मालक धरायला धावले तर त्यांना डाव्या कोपरानं ढकललं. एका हातानं आणि एका पायानं, गेलेली बाजू ओढत, ते चांगुणाच्या समोर गेले आणि आमच्या रंभाजी मामांनी आपलं डोकं तिच्या पायांकडे नेलं.

चांगुणानं पाय मागं घेतले. मामांचं कपाळ मुरमावर टेकलं. ते तसंच टेकून राहिले. कुणी हसलं नाही. धोंडा पडताना बघितलेला माणूस काही तरी काम आठवल्यासारखा बाजूला झाला.

"उटवा त्यान्ला," चांगुणा म्हणाली. मग ती काकासाहेबाकडे वळली. "सायेब, उद्यापासून माझी टोपली हितंच चालंल." हे ती विचारत नव्हती. त्यानं मान हलवली तोवर तिनं ढिगातली एक रिकामी टोपली उचललीही होती, आणि उद्याची वाट न बघता ती रांगेत जाऊन उभी राहिली.

आम्ही मामांना बाजेवर घेतलं. कपाळाला मुरूम चिकटला होता, खडे रुतले होते. मी पुसायला पदर पुढं केला, तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला सारला.